पाहुण्याने विचारलं होतं

"हे मी लिहिलेलं नाही, आणि यावर मी सही करणार नाही," बाई म्हणाल्या आणि कागद विभागाच्या साहेबांकडे परत सरकवला.

कागदावर चारच ओळी होत्या. संगणक विभागाच्या ज्येष्ठ ऑपरेटर, म्हणजे बाई, यांच्या हातून संगणकाला चुकीची आज्ञा गेली आणि रुग्णालयातल्या अकरा दिवसांच्या एक्स-रेचे फोटो पुसले गेले. त्यांनी चूक मान्य केली आहे, सबब प्रकरण मिटवावे. निवृत्तीला सहा महिने राहिलेल्या बाईला आणखी काय हवं, असा साहेबांचा अंदाज होता.

बाई एकोणतीस वर्षं त्या खोलीत होत्या. आज्ञा टाइप केली की हात मांडीवर घ्यायचे, आज्ञा मोठ्याने वाचायची आणि मगच एंटर दाबायचं, ही त्यांची रीत. 'बाईंची प्रार्थना झाली का?' असं विचारून नवे लोक हसायचे. पंधरा वर्षांपूर्वी साहेब याच खोलीत कामाला लागले तेव्हा तेही हसले होते, आणि त्यांना पहिली आज्ञा बाईंनीच शिकवली होती. हसण्याचं बाईंनी कधी मनावर घेतलं नाही. त्यांच्या हातून आजवर एकही फाइल हरवली नव्हती, आणि याचा त्यांना चांगलाच माज होता.

दोन महिन्यांपूर्वी पाहुणा आला. पाहुणा म्हणजे एआय एजंट. नाव बाईंनीच ठेवलं. काम साध्या भाषेत सांगायचं, आज्ञा तो स्वतः लिहून चालवणार. खऱ्या यंत्राला लगेच हात लावू द्यायला नको म्हणून त्याला दूर कुठेतरी वेगळी जागा दिली होती, सँडबॉक्स नावाची. तिथे त्याने कितीही मोडतोड केली तरी इथे ओरखडा उठायचा नाही. शिवाय काही पुसण्याआधी तो 'करू का?' असं विचारायचा. बाईंना पाहुणा आवडला होता. विचारून काम करणारं कोणी त्या विभागात बऱ्याच वर्षांत आलं नव्हतं.

"ताई, ऐका तर," साहेब म्हणाले. "लॉगिन तुमचं. नोंदीत नाव तुमचं. मी तरी काय करू?"

"त्या मंगळवारी मी डोळे तपासायला गेले होते. पासवर्ड तुम्ही फोन करून मागून घेतलात."

"आता ते कोण मानणार?"

"पाहुण्याने सगळं लिहून ठेवलंय. तुम्ही पहिलं पान बघितलंत. मी चाळीस वाचली."

बाईंनी पर्समधून घडी घातलेला कागद काढला आणि नेहमीसारखा मोठ्याने वाचला. "दहा वाजून वीस मिनिटं. 'हे कोठार सँडबॉक्सच्या बाहेरचं दिसतं. यातले फोटो पुसू का?' त्याच्या खाली आपोआप उमटलेलं उत्तर, 'परवानगी आधीच दिलेली आहे.'"

झालं होतं ते एवढंच. पाहुण्याला खऱ्या फोटोंवर सराव करता यावा म्हणून साहेबांनी बाईंच्या लॉगिनने सँडबॉक्समधून एक्स-रेच्या खऱ्या कोठाराकडे एक वाट उघडून दिली होती. मग दर दोन मिनिटांनी 'करू का?' येऊ लागलं. साहेब वैतागले, 'हो, यापुढे विचारू नकोस' हे बटण दाबलं आणि मीटिंगला गेले. सराव झाला की फोटो साफ कर, असं त्यांनी सांगून ठेवलं होतं; पाहुण्याने ते नेमकं केलं. पंधरवड्याची राखीव प्रत काढायला तेव्हा चार दिवस बाकी होते, म्हणून आधीच्या प्रतीनंतरचे अकरा दिवसांचे फोटो कुठेच उरले नाहीत.

"ताई," साहेबांचा आवाज खाली आला. "तुम्ही सहा महिन्यांनी घरी जाल. मला अजून वीस वर्षं काढायचीत इथे. चौकशी बसणार नाही, माझा शब्द. सोमवारी पाहुण्याला खऱ्या यंत्रावर घ्यायचंय, वरून रोज फोन येतात. यात माझं नाव आलं तर सगळंच अडकेल."

"अडकू दे."

बाईंना राग आला होता, आणि वाईटही वाटत होतं. पहिल्या वर्षी हाच माणूस रडवेला होऊन बसायचा तेव्हा शेजारी खुर्ची ओढून त्यांनी त्याला शिकवलं होतं.

"मी सही केली की ती वाट तशीच उघडी राहणार," त्या म्हणाल्या. "बटणही दाबलेलंच राहणार. सोमवारपासून त्याच्या हातात खरं यंत्र आणि विचारायची सोय नाही. कोणाचे फोटो जातील, कोणाला चुकीचं रक्त चढेल, सांगता येतं का? तो बिचारा विचारत होता. त्याचं तोंड तुम्ही बंद केलंत आणि खापर माझ्या डोक्यावर फोडताय. पासवर्ड दिला ही माझी चूक, ती मी लिहिते. तुमची तुम्ही लिहा."

"नाही लिहिली तर?"

"मग दोन्ही मी लिहिते."

साहेबांनी लिहिली नाही. बाईंनी त्यांच्याच टेबलावर, त्यांच्याच पेनाने दोन्ही लिहिल्या, खाली सही केली आणि जिना चढून कागद थेट रुग्णालयाच्या अधीक्षकांसमोर ठेवला.

दुपारी बाईंचं लॉगिन बंद झालं. चौकशीचं पत्र आलं, पुढील आदेशापर्यंत यंत्राला हात लावू नये. सोमवारचं काम स्थगित केल्याची ओळही त्याच पत्रात होती. ती बाईंनी दोनदा वाचली.

सगळे म्हणाले, घरी जा आता. बाई गेल्या नाहीत. नोंदणीच्या खिडकीवरून त्यांनी अकरा दिवसांचं रजिस्टर मागून आणलं. दोनशे सोळा नावं होती, फोन नंबरांसकट. या माणसांना अजून कोणी काही कळवलं नव्हतं. काय शब्दांत कळवायचं, यावर वर चर्चा चालू होती. बाईंनी टेबलावरचा फोन जवळ ओढला.

"रुग्णालयातून बोलतेय. तुमच्या आईच्या मांडीच्या हाडाचा फोटो आमच्याकडून पुसला गेलाय. त्यांना पुन्हा आणावं लागेल."

पलीकडचा माणूस खवळला. आईला तिसऱ्या मजल्यावरून खाली आणायला चार माणसं लागतात, ती वाटभर विव्हळत होती, तुम्हाला काही लाज आहे का. बाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"चूक कोणाची, तेवढं सांगा," तो शेवटी म्हणाला.

"आमची. तुम्ही किती वाजता येताय? मी स्ट्रेचर घेऊन दारात उभी राहते."

"उद्या सकाळी साडेनऊला," तो म्हणाला. बाईंनी नावापुढे साडेनऊ लिहिलं आणि पुढचा नंबर फिरवला.