फुगलेलं डोकं आणि खिडकीजवळची खुर्ची

माझ्या डोक्याच्या उजव्या बाजूला केस नव्हते. दुकानातला पाणी तापवायचा बंब फुटला आणि तेवढी कातडी भाजून गुळगुळीत झाली. गिऱ्हाइकांना मी निराळंच सांगायचो: वीज पडली. किंवा, बायकोने एकदा रागाने पाहिलं. हसायचे, पण खिडकीजवळच्या माझ्याच खुर्चीत बसायचे. आतली खुर्ची धाकट्या भावाची.

आमचा एक नेम होता. न्हाव्याला स्वतःचे केस कापता येत नाहीत. म्हणून सुट्टीच्या दिवशी शटर अर्धं ओढून मी त्याचे कापायचो, तो माझे, होते तेवढे. माझ्या मानेवर वस्तरा फिरवायचा हक्क जगात त्या एकालाच.

इस्पितळातली डॉक्टरीण म्हणाली, "काका, केसवाली कातडी बाहेरून आणता येत नाही. तुमचीच वाढवू." डाव्या बाजूच्या केसांखाली तिने एक रिकामी पिशवी बसवली. दर आठवड्याला नर्सबाई सुई टोचून तिच्यात सलाईनचं पाणी भरायची. पिशवी फुगायची, वरची कातडी केसांसकट ताणून वाढायची. दोन दिवस डोकं नुसतं तडतडायचं.

किती वाढलं म्हणता? दारातून मी आडवा जायला लागलो. उन्हात उभा राहिलो की भाजीवाली माझ्या सावलीत गाडी लावायची. कूस बदलली की आतलं पाणी डुचमळायचं आणि बायको झोपेत ओरडायची, "अहो, नळ बंद करा!" खोटं वाटत असेल तर तिला विचारा; तीही माझ्याइतकंच खरं बोलते.

धाकटा फार जपायचा. "दादा, गिऱ्हाइकं दचकतात. फुगा निघेपर्यंत घरी आराम कर. तुझी खुर्ची काय पळून जातेय?" एकदा घरी येऊन त्याने माझा फोटोही काढला. "डॉक्टरीणबाईंना दाखवायला बरा." मी मस्तपैकी हसलो.

शेवटी पिशवी निघाली. भाजलेली कातडी काढून वाढलेली तिथे ओढून शिवली. नव्या जागचे केस उलट्या दिशेने वळायचे, हट्टी पोरासारखे. पण केस! ते चांगले वाढल्यावर भांग पाडून, इस्त्रीचा शर्ट घालून मी दुकानात गेलो.

काचेवर मीच होतो. फुगलेला, हसरा. खाली ठळक अक्षरं: "भलत्या दुकानात कलप लावल्याचा परिणाम. डोकं सांभाळा, आमच्याकडे या."

खिडकीजवळच्या खुर्चीमागे धाकटा उभा होता. माझे कंगवे आतल्या फळीवर गेले होते. खुर्चीत माझं जुनं गिऱ्हाईक, शाळेतले मास्तर.

"अरे, तुम्ही? हा म्हणाला, तुमचे हात थरथरतात, वस्तरा धरवत नाही."

मी हात पुढे केला. दगडासारखा स्थिर. मास्तरांनी हाताकडे पाहिलं, मग काचेवरच्या फोटोकडे, आणि धाकट्याला म्हणाले, "चालू दे रे तुझं."

"धंदा आहे, दादा," धाकटा पुटपुटला. "फोटो लावल्यापासून बाकावर जागा नसते. तू आतली खुर्ची घे ना. आपण काय परके आहोत?"

"माझे हात कधी थरथरले रे?"

त्याने मास्तरांच्या मानेवर पावडर मारली. मास्तर उठून गेल्यावर आतल्या खुर्चीपाशी त्याने पांढरं कापड झटकलं. "बस. केस कानावर आलेत. नीट करून देतो."

मी बसलोसुद्धा. सवय हो, दुसरं काय! मानेमागे कापडाची गाठ बसली, पाठीशी वस्तरा उघडल्याचा आवाज आला, आणि पहिल्यांदाच मी मान आखडून घेतली. आरशात त्यालाही ते दिसलं. मी गाठ सोडली, कापड त्याच्या हातात दिलं आणि बाहेर पडलो.

आता समोरच्या गल्लीत खुर्ची मांडली आहे. वीज पडली आणि केस उगवले, असं सांगतो, गिऱ्हाइकं येतात. माझे केस मात्र खांद्यावर आलेत. कापायला कुणाला देऊ?

परवा धाकटा समोरून गेला. त्याचेही कॉलरवर रुळत होते. तो क्षणभर थांबला. मी गिऱ्हाइकाची मान हलकेच खाली वाकवली आणि कात्री चालवत राहिलो.