रुमालाखालची परिषद

परिषद कुठं भरवायची हे ठरवायला आमच्या समितीनं इतक्या बैठका घेतल्या, की तेवढ्या वेळात परिषद भरून, पाहुणे जेवून, आपापल्या देशात पोचून तिथून त्यांची आभाराची पत्रंसुद्धा आली असती.

गोष्ट सत्त्याण्णव सालची. कमी पावसाच्या मुलखात ज्यांनी स्वतः राबून पाणी अडवलं, अशा गावोगावच्या लोकांची एक आंतरराष्ट्रीय परिषद असते. केनिया, बोलिव्हिया, श्रीलंका, कुठकुठले लोक येतात. त्या खेपेचा मान नगर जिल्ह्याला मिळाला होता. जिल्ह्यात नेमकं कुठं, ते आम्ही कळवायचं होतं. परदेशातल्या कार्यालयानं पत्रात एवढंच लिहिलं होतं की जागा सगळ्यांना न्याय्य असावी आणि सगळ्यांना सुरक्षित असावी. असं म्हणणारा माणूस नगर जिल्ह्यात कधी आला नसावा.

समितीत मत असलेले पाच जण. मी चिटणीस. चिटणिसाला मत नसतं, चहा असतो.

अध्यक्ष आप्पासाहेब. नगरला त्यांचं मंगल कार्यालय होतं आणि बैठका तिथंच व्हायच्या. लग्नाची तिथी असली की बैठक स्वयंपाकघरामागच्या खोलीत सरकायची. एकदा तर आम्ही वधूपक्षाच्या सामानात बसून जागतिक दुष्काळावर बोललो. आप्पासाहेबांचं मत स्पष्ट होतं : परिषद नगरलाच. "नगरला लष्कर आहे," ते म्हणायचे. "पाहुण्यांच्या सुरक्षिततेला रणगाडे आहेत. याच्यापुढं काय पाहिजे?"

श्रीरामपूरचे सहादेव वकील. त्यांचा सगळा युक्तिवाद रेल्वेवर. "पाहुणा गाडीतून उतरला की थेट परिषदेत," ते सांगायचे. गाडी किती वाजता येते असं कुणी विचारलं तर म्हणायचे, "येते."

काष्टीचे भिमाजी. बैलबाजारात जन्म गेलेले दलाल. पांढरं मिशाळ तोंड, खांद्यावर चौकटीचा मोठा रुमाल, बोलणं कमी. काष्टीच्या मैदानात हवी तेवढी जागा आहे, बाजाराच्या दिवशी पाहुण्यांनी जरा सरकून बसावं, एवढंच त्यांचं म्हणणं.

चौथ्या चांगुणाबाई. खडकदऱ्याच्या बौद्धवस्तीवरच्या. वस्तीतल्या बायांनी दोन उन्हाळे दगड वाहून ओढ्यावर बांध घातला, त्या बायांच्या त्या पुढारी. आदल्या परिषदेला त्या केनियाला जाऊन आल्या होत्या. तिथं वांजिरू नावाच्या बाईच्या घरी राहिल्या, तिच्या हातचं जेवल्या आणि निघताना तिला म्हणाल्या, तुझ्याकडं मी आले, आता माझ्याकडं तू यायचं. भाषा कुणालाच कळत नव्हती, पण शब्द दिला गेला होता. तो घेऊन त्या दर बैठकीला एसटीनं नगरला यायच्या आणि तसाच परत न्यायच्या.

पाचवा महेंद्र. चांगुणाबाईंचा भाचा, नगरला बँकेत अधिकारी. एका बाजूला आत्या, दुसऱ्या बाजूला बँकेचे मोठे खातेदार आप्पासाहेब, त्यामुळं महेंद्र कायम तटस्थ.

हात वर करून मतं घेतली की चार गावांना एकेक मत आणि एक तटस्थ. चिठ्ठ्या टाकून पाहिल्या, पण सगळ्यांना सगळ्यांची अक्षरं ओळखू यायची आणि पुढचा तासभर अक्षरावरून भांडण चालायचं.

खडकदऱ्याचं नाव निघालं की आप्पासाहेब थकलेल्या आवाजात म्हणायचे, "चांगुणाबाई, भावना समजतात हो. पण रस्ता नाही, हॉल नाही, संडास नाहीत."

"संडास चार हायेत," चांगुणाबाई म्हणायच्या. "तुमच्या कार्यालयात दोन हायेत, आन् एकाला कडी न्हाई."

हे मी कार्यवृत्तात घेतलं नाही.

खडकदऱ्याची खरी अडचण मात्र कडीकोयंड्याची नव्हती. बांध झाला तेव्हा पुण्याहून काही मंडळी तो बघायला आली, वस्तीवर जेवली, फोटो निघाले, पेपरात आले. त्यानंतर लगेच गावाकडून वस्तीला येणारा नळ दुरुस्तीला निघाला. फक्त वस्तीचाच. काय बिघडलंय ते कुणाला माहीत नव्हतं, पण दुरुस्ती फार बारकाईनं चालली आणि वस्तीतल्या बायांनी तोवर लांबच्या विहिरीवरून पाणी वाहिलं. कुणी कुणाला वाईट बोललं नाही. सरपंच भेटले की हसून म्हणायचे, "होईल, होईल." महेंद्र तटस्थ का, याचं हेही एक कारण होतं. एकदा पायऱ्यांवर तो मला म्हणाला, "पाहुणे तीन दिवस सुरक्षित राहतील हो. चौथ्या दिवसाचं काय?"

अशात परदेशातल्या कार्यालयाचा निरोप आला, की आज संध्याकाळपर्यंत जागेचं नाव फॅक्सनं कळवा, नाहीतर परिषद दुसऱ्या देशात नेतो. त्या दुपारी सगळे जमले. आप्पासाहेबांच्या घरून, सावेडीवरून, नेहमीप्रमाणं डबा आला होता. केशरबाई, म्हणजे त्यांच्या पत्नी, दर बैठकीला समितीसाठी काहीतरी करून पाठवायच्या. त्या दिवशी हुलग्याचे शेंगोळे होते. पहिल्या काही बैठकांच्या शेंगोळ्यांत लसणाची फोडणी असायची. आता नुसते शिजवलेले येत होते. आम्ही तेही खाल्ले.

"आज निकाल लागलाच पाहिजे," आप्पासाहेब म्हणाले. "कसा लावायचा ते सांगा."

मग भिमाजींनी खांद्यावरचा रुमाल काढून झटकला.

"आमच्यात बोलत न्हाईत," ते म्हणाले. "रुमालाखाली हात द्यायचा. एक बोट दाबलं तर नगर. दोन, श्रीरामपूर. तीन, काष्टी. चार, खडकदरा. कुनाचं बोट कुनाला दिसायचं न्हाई आन् माझ्या तोंडातून मरंस्तवर निघायचं न्हाई. हजारो बैल इकलेत मी असे."

"आपण बैल विकत नाही आहोत," सहादेव म्हणाले.

"त्येच म्हन्तो. बैलाचा निकाल एका दुपारी लागतो."

एकेक जण उठून भिमाजींच्या समोर गेला. रुमालाखाली हात घातला, छताकडं बघितलं, हात काढला. सहादेवांनी हात काढल्यावर धोतराला पुसला. चांगुणाबाईंनी पदर खोचून असा दाबला की भिमाजींच्या मिशा हलल्या. शेवटी भिमाजींनी स्वतःचाच हात रुमालाखाली स्वतःच्या हातात दिला, जरा वेळ डोळे मिटले आणि रुमाल उचलला.

"पाचीच्या पाची मतं खडकदऱ्याला," ते म्हणाले.

पंगतीतून मागच्या दारानं निसटावं आणि मागच्या दारी सगळी पंगतच उभी दिसावी, तसे सगळे एकमेकांकडं बघत होते. मला हळूहळू उलगडलं. आप्पासाहेबांना नगर नको होतं. ऐन तिथीत कार्यालय तीन दिवस फुकट द्यायचं, वर अध्यक्ष म्हणून सतरंज्याही मोजायच्या. सहादेवांना श्रीरामपूर नको होतं, कारण गाडी खरोखर किती वाजता येते ते त्यांना माहीत होतं. भिमाजींना आपल्या मैदानात बैल सोडून दुसरं काही आवरायचं नव्हतं. पण आपल्या गावाचं नाव आपणच मागं कसं घ्यायचं? गावात तोंड कसं दाखवायचं? म्हणून सगळे इतका काळ पोटतिडकीनं भांडत होते आणि मनातून कुणीतरी आपल्याला हरवावं याची वाट बघत होते. खडकदरा बाकी सगळ्यांच्या घरापासून लांब होतं, ही त्याची मोठी पात्रता.

महेंद्रचं बोट तसं का पडलं, ते त्यानं सांगितलं नाही. तो आत्याकडं बघत नव्हता.

आप्पासाहेब आधी सावरले. "दुर्गम भागाला न्याय मिळाला," ते म्हणाले. "माझ्या मनात पहिल्यापासून तेच होतं."

"माझ्याही," सहादेव म्हणाले आणि पिशवी उचलली. "मला पाचची गाडी गाठायचीय. चांगुणाबाई, अभिनंदन. आता तुम्ही आणि तुमच्या बाया बघाच कसं करायचं ते."

"बसा वकीलसाहेब," चांगुणाबाई म्हणाल्या.

सहादेव बसले.

"भिमाजी," त्या म्हणाल्या, "तुमच्या बाजारात सौदा झाल्यावर काय लागतं?"

"जामीन लागतो. बैल मारका निघाला तर कुनाला धरायचं?"

"मंग मला जामीन पायजे. पत्रात लिवलंय, सगळ्यांना सुरक्षित. सगळ्यांना म्हंजी आमाला बी. वांजिरू इल, जेवल, जाईल. मागं नळ दुरुस्तीला निघाला तर मी कुनाच्या दारात जाऊ?"

"कलेक्टरांना अर्ज देऊ की आपण," आप्पासाहेब म्हणाले. "समितीचा ठराव करू."

"ठराव लई झाले. नळानं एक वाचला न्हाई." चांगुणाबाईंचा आवाज चढला नव्हता. त्याही थकल्या होत्या, पण वेगळ्या. "परिषद हाय तवर तुमी चौघांनी घरच्या मानसांसकट वस्तीवर राह्यचं. पाहुन्यांसारखं न्हाई, घरच्यासारखं. आमच्यात झोपायचं, आमी रांधू ते खायचं, आमच्याच नळाचं प्यायचं. मत दिलंय ना? मंग या."

आप्पासाहेबांनी चष्मा काढून पुसला. सहादेवांनी पिशवीचा बंद सोडून पुन्हा बांधला. गेल्या इतक्या बैठकांत "आमच्यात तसलं काही नाही" हे वाक्य प्रत्येकानं किमान एकदा म्हटलेलं होतं. मीच ते कार्यवृत्तात घेतलं होतं. आता ते तिथून बाहेर येऊन खोलीत बसलं होतं.

"असं करू," आप्पासाहेब म्हणाले. "हेही रुमालाखालीच घेऊ. एक बोट म्हणजे हो, दोन म्हणजे..."

भिमाजींनी रुमालाची घडी करून खांद्यावर टाकली. "एका सौद्याला रुमाल एकदाच," ते म्हणाले. "आता तोंडानं बोला. मी येतो. माझी म्हातारी माहेरची आठवन काढून भाकरी खाईल, पन खाईल."

"मी येतो, आत्या," महेंद्र म्हणाला. "अश्विनीलाही आणतो. तिनं वस्ती अजून बघितलीच नाही." हे बोलून त्यालाच नवल वाटल्यासारखं दिसलं. लग्नाला चार वर्षं झाली होती.

सहादेव म्हणाले, "अध्यक्षांचं ऐकू आधी. मग मी." वकील माणूस.

सगळे आप्पासाहेबांकडं बघायला लागले.

"माझी ना नाही हो," ते म्हणाले. "पण घरात विचारावं लागेल. केशरबाईंचं जरा सोवळंओवळं... म्हणजे जुनं वळण."

"इचारा की," चांगुणाबाई म्हणाल्या. "फोन तुमच्याच पुढं हाय. आमी बसलोय."

आप्पासाहेबांनी सावकाश नंबर फिरवला. मधला एक आकडा चुकला, पुन्हा फिरवला. बायको घरी नसावी अशी त्यांची फार इच्छा दिसत होती.

"मी बोलतोय... नाही, संपली नाही अजून... हो, खाल्ले सगळ्यांनी शेंगोळे. ऐक. परिषद खडकदऱ्याला ठरतेय. तीन दिवस आपल्याला तिथं राहायला जायचं, असं यांचं म्हणणं... आपण दोघांनी... वस्तीवर. चांगुणाबाईंच्या घरी. हो, त्याच... झोपायचंसुद्धा... स्वयंपाक त्याच करणार. तुला चालणार नसेल तर मी सांगतो तसं, त्यात काही..."

मग ते बराच वेळ नुसतं ऐकत राहिले. रिसीव्हर कानापासून थोडा लांब धरला. शेवटी त्याच्यावर हात ठेवून म्हणाले, "ती विचारतेय, त्या तीन दिवसांत समितीचा डबा कुणी करायचा."

"कुनीच न्हाई," चांगुणाबाई म्हणाल्या. "समिती आमच्यात जेवनार."

आप्पासाहेबांनी ते फोनमध्ये सांगितलं. पुन्हा ऐकलं. "भांडी कोण घासणार, विचारतेय."

"समिती."

हेही त्यांनी सांगितलं. यावेळी ऐकणं थोडक्यात झालं. फोन ठेवून ते म्हणाले, "ती येतेय." आणि जरा थांबून, "म्हणाली, तीनच दिवस का?"

सहादेवांनी पाचच्या गाडीचा नाद सोडला आणि पिशवी टेबलाखाली ठेवली. अध्यक्ष येणार म्हटल्यावर त्यांनाही यावंच लागणार होतं. मी फॅक्सचा मजकूर लिहून काढला. जागा : खडकदरा, जिल्हा अहमदनगर. महेंद्र तो घेऊन कोपऱ्यावरच्या बूथवर गेला.

भिमाजी भिंतीला टेकून डोळे मिटून बसले. चांगुणाबाई एसटीसाठी सुटे पैसे शोधत होत्या. आप्पासाहेब बराच वेळ मोकळ्या डब्याकडं बघत होते.

"चांगुणाबाई," ते म्हणाले, "सकाळी अंघोळीला गरम पाणी मिळेल ना? मला सर्दीचा त्रास आहे."

"तापवून द्यायला मी हाय," त्या म्हणाल्या. "नळाला यायचं कसं, ते तुमी बघा."

आप्पासाहेबांनी सुस्कारा सोडला. मग फोन पुन्हा पुढं ओढला आणि खडकदऱ्याच्या सरपंचांचा नंबर फिरवला. हा मात्र एका झटक्यात लागला.

"सरपंच, आप्पासाहेब बोलतोय. काही नाही, सहज. वस्तीच्या नळाची दुरुस्ती वगैरे निघायची असेल तर या आठवड्यातच उरकून घ्या. यंदा आम्ही तिथं पाणी भरणार आहोत."