शनिवार तेल्याचे पेरू

साधा प्रश्न साधा म्हणून ऐकण्याची सोय माझ्या नवऱ्याच्या कानांत देवानं ठेवलेलीच नाही. "जेवलात का?" असं कुणी विचारलं तरी सॉलोमनला वाटतं, हा आपल्या घरातली चूल पेटते की नाही ते बघायला आलाय. म्हणून हेदवाबाई पहिल्यांदा आमच्याकडे चहाला आल्या आणि करंजीचा तुकडा मोडता मोडता त्यांनी विचारलं, "तुमच्याकडे सगळं पाळतात का?" तेव्हा मी मनात म्हटलं, झालं. आता वर्षभर घरात शांतता नाही.

हेदवाबाई म्हणजे झेएवची आई. आमच्या लेकीला, तिकवाला, ज्याच्याशी लग्न करायचं होतं तो हा झेएव. हैफाच्या बाजूला खताच्या दाण्यांवर लेप चढवायचा एक लहानसा कारखाना आहे, तिथे दोघं कामाला. हेदवाबाई स्वतः रुमानियाच्या, हैफाच्या एका दवाखान्यात नर्स. बाई कमी बोलायची आणि बोलली की समोरच्याकडे टक लावून बघायची. तशी बघतच तिनं तो प्रश्न विचारला.

सॉलोमनचा चेहरा उतरला. त्याचं कारण जुनं आहे. आम्ही कोकणातून इस्राएलला आलेले बेने इस्राएल लोक पक्के यहुदी की नाही, लग्न लावण्याआधी आमची आजी-पणजी तपासायची का, असा वाद या देशात पेटला होता, तेव्हा हा माणूस यरुशलेमला जाऊन भर उन्हात फुटपाथवर धरणं धरून बसला होता. वाद मिटला, बाकीचे उठून घरी आले. माझा नवरा मात्र मनानं अजून तिथेच बसलेला आहे.

"बाई," तो हेदवाबाईंना म्हणाला, "कोकणात आम्हाला लोक शनिवार तेली म्हणायचे. माझ्या आजोबांचा घाणा शनिवारी बंद. बैलसुद्धा शनिवारी गोठ्यातून उठायचा नाही. आता सातवं वर्ष येतंय. बघाल तुम्ही."

हेदवाबाईंनी उरलेली करंजी बशीत ठेवली. "लग्नाची घाई नको," त्या म्हणाल्या. "वर्षभर जाऊ दे."

त्यांची बस वळणाआड गेली तसा सॉलोमन माझ्याकडे वळला. "अगो राहेल, परीक्षा आहे ही! बाई वर्षभर पेपर तपासणार. मला काठावर पास नाय व्हायचं. फुल मार्क पायजेत."

माणसाला जसा सातव्या दिवशी, शनिवारी, शब्बाथ, म्हणजे ना काम, ना विस्तव पेटवणं, तसा इथल्या जमिनीला सातव्या वर्षी. त्याला शमिता म्हणतात. त्या वर्षी पेरायचं नाही, खत घालायचं नाही, फळ विकायचं नाही. झाडावर जे पिकेल ते जो येईल त्याचं. ऐकायला छान वाटतं, पण पोट कसं भरायचं? म्हणून आमच्या मोशावात, म्हणजे शेतकऱ्यांच्या वसाहतीत, सगळ्यांनी एक वाट काढलेली होती. रब्बींच्या देखत जमीन वर्षापुरती कागदावर यहुदी नसलेल्या परक्याला विकायची आणि कामं चालू ठेवायची. रब्बी स्वतः तो कागद घेऊन दारोदार फिरायचे. आमच्या दारातून मात्र ते कागद तसाच घेऊन परत गेले.

"मी जमीन विकत नाय," सॉलोमननं सांगितलं. "कागदावर पण नाय."

मी कपाळावर हात मारला. आमची पेरूची बाग समुद्राकाठच्या वाळूत. वाळूला खत घाला, वरून पाणी सोडा, झाडाच्या तोंडाला लागायच्या आत निम्मं खत पाताळात. म्हणून सारखं थोडं थोडं घालत राहावं लागतं. वर्षभर काहीच घातलं नाही तर झाडांच्या काठ्या होणार. "तुझ्या फुल मार्कांपायी माझी झाडं मारशील," मी ओरडले. पुढचे चार दिवस त्याला आमटीत मीठ मिळालं नाही. त्यानं तेही व्रताचाच भाग असावा तसं निमूट खाल्लं.

वाट काढली ती झेएवनं. त्याच्या कारखान्यातल्या दाण्यांवर असा लेप असतो की पाणी लागलं तरी दाणा एकदम विरघळत नाही. पाणी हळूहळू आत शिरतं, खत हळूहळू बाहेर झिरपतं, महिनोन्‌महिने. एकदा घातलं की झाड बसून जेवतं आणि वाया काही जात नाही. "नवीन वर्ष लागायच्या आत घाला," झेएव म्हणाला. "मग वर्षभर तुम्ही हात लावू नका."

"म्हणजे सातव्या वर्षात खत चालूच!" सॉलोमन म्हणाला. "चोरून!"

"लेप कशाचा असतो?" मी आपलं सहज विचारलं.

"तेलाचा. जवसाचं तेल आटवून करतात."

तेल म्हटल्यावर सॉलोमनचा आवाज खाली आला. तेल्याच्या नातवाला तेलावर अविश्वास दाखवणं जड गेलं. तो रब्बींकडे गेला. रब्बी जमिनीचा कागद परत आल्यामुळे रागावलेले होतेच. ते म्हणाले, "शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत तुझी बायको भांडं विस्तवावर ठेवते. शनिवारी ते गरम निघतं. शिजवतं कोण? भांडं. तसंच हे. चालेल."

"चालेल म्हणाले," सॉलोमन घरी येऊन खिन्नपणे बसला. "चालेल म्हणजे काय राहेल? काठावर पास."

तरी त्यानं ते घातलं. पण कधी? नव्याच्या सणाच्या, म्हणजे नवीन वर्षाच्या, आदल्या दिवशी! एकोणऐंशी साल, सप्टेंबर महिना, वर शुक्रवार. मी चिकाचा हलवा शिजायला ठेवला होता. गव्हाचा चीक, नारळाचं दूध, साखर, आणि ढवळत राहायचं. हात थांबला की खाली लागतो. दुपारी झेएव गोणी घेऊन आला. आधी सॉलोमन बागेत गेला, मग त्याला एकट्यानं आवरेना म्हणून तिकवाला हाक मारली, आणि सूर्य समुद्राकडे कलल्यावर त्यानं बागेतून अशी बोंब ठोकली की मीही पळी टाकून धावले. झाडाझाडाखाली वाळू उकरून आम्ही ते पिवळसर गोल दाणे पुरत होतो आणि सॉलोमन सूर्याकडे बघून ओरडत होता, "चला, चला, टाइम झाला!" शेवटचं आळं बुजलं आणि सण लागला. त्या वर्षी हलवा करपलेला खाल्ला. हलव्याबद्दल मी त्याला अजून माफ केलेलं नाही.

हिवाळ्यात झाडं हिरवीगार राहिली. मी खूश झाले, सॉलोमन झुरायला लागला. बागेला पाणी देणं सातव्या वर्षी चालतं, पण पाणी दिलं की दाणे झिरपणार, म्हणजे आपणच खत घालतोय की काय, असं त्याच्या मनात यायचं. नळ सोडताना तो तोंड फिरवायचा. एक दिवस राहवलं नाही म्हणून त्यानं बोटानं जराशी वाळू सारून बघितलं आणि धावत घरात आला. ओंजळीत दाणे होते.

"राहेल! जसेच्या तसे! एक पण विरघळला नाय!"

मी पाहिलं. खरंच, गोल, गुळगुळीत, टपोरे.

"अगो, ते पण शमिता पाळतायत! तेल आहे ना ते! तेलाला कळलं, बाग शनिवार तेल्याची आहे!" माझा चाळीस वर्षांचा संसार ज्या माणसाबरोबर झाला तो माणूस वाळूनं माखलेल्या हातांनी स्वयंपाकघरात नाचत होता. "आता फुल मार्क!"

त्या शनिवारी सिनेगॉगमध्ये त्यानं ही गोष्ट सगळ्यांना सांगितली. पुढच्या आठवड्यात ती आजूबाजूच्या मोशावांत पोहोचली, आणि मग झेएव आला तो कान लाल करून.

"राहेलआंटी, कारखान्यात सगळे मला हसतात. म्हणतात, तुझे दाणे सुट्टीवर गेलेत. एका माणसानं तर मागवलेला माल नको म्हणून कळवलं." मग त्यानं सॉलोमननं आणलेल्यांतला एक दाणा उचलला आणि दोन बोटांत दाबला. फट्‌कन आवाज झाला, पाण्याचा थेंब उडाला आणि बोटांत नुसतं साल राहिलं. "रिकामा आहे. खत झाडानं खाल्लं. लेप तसाच राहतो, म्हणून दाणा अख्खा दिसतो. सांगू का अंकलना?"

"तिकवाशी लग्न करायचंय ना?"

"हो."

"मग गप्प बस."

तिकवा हिब्रूत माझ्यावर तडकली, "इमा, हे खोटं आहे!" मी मराठीत सांगितलं की खोटं मी बोलत नाही, मी फक्त बोलत नाही. पण खरं सांगते, मलाही बरं वाटत नव्हतं. झेएव भला मुलगा. माझ्या नवऱ्याच्या मार्कांसाठी तो स्वतःच्या कामाची नाचक्की गिळत होता.

उन्हाळ्यात झाडांनी जे केलं ते मी जन्मात पाहिलं नव्हतं. फांद्या वाकून वाळूला टेकल्या. एकेक पेरू हातात मावेना. जमीन तीच, पाणी तेच, आणि खत म्हणाल तर आधीच्या वर्षीपेक्षा निम्मं. असं पीक आलं, आणि आलं ते नेमकं ज्या वर्षी एक फळही विकता येत नाही त्या वर्षी! मी रडले. सॉलोमननं बागेचं फाटक बिजागऱ्यांतून उचकटून बाजूला ठेवलं, म्हणजे येणाऱ्याला ढकलायचेही कष्ट नकोत. पेरूच्या वासाला आजवर नाकं मुरडणारे शेजारी पिशव्या घेऊन आले. सॉलोमन वाटेवर उभा राहून, "घ्या, घ्या, तुमचंच आहे," म्हणत होता, आणि त्याला एकच काळजी होती. "हेदवाबाईंना कळलं असेल ना? झेएवनं सांगितलं असेल ना?"

सांगितलं होतं. हेदवाबाई आल्या.

ऑगस्टातला शनिवार. सॉलोमन सिनेगॉगमधून नुकताच परतला होता, अंगावर पांढरा सदरा. बागेपाशी गाडी थांबल्याचा आवाज आला. शनिवारी आमच्या रस्त्यावर कुत्रंसुद्धा दबकून चालतं. आम्ही बाहेर आलो. गाडी हेदवाबाई स्वतः चालवत आल्या होत्या. तोंडात सिगारेट. शेजारी झेएव, जमीन फाटली तर बरं असा चेहरा करून. हेदवाबाई उतरल्या, आम्हाला हात केला आणि जवळच्या फांदीवरून एक पेरू तोडून त्याला कचकन चावल्या.

गाडी, विस्तव, फळ तोडणं. शब्बाथला एकेक करून मोडता येईल ते सगळं बाईंनी फाटकापासून झाडापर्यंत मोडलं होतं. सॉलोमननं माझा दंड धरला.

"एवढ्या लवकर आले, रागावू नका," त्या म्हणाल्या. "आठवडाभर ड्यूटी असते. झाडं काय फळलीत! झेएवच्या खतानं चांगलं काम केलं."

"खतानं काही नाही केलं," सॉलोमन कसाबसा म्हणाला. "दाणे अजून अख्खे आहेत. त्यांनी पण वर्ष पाळलं."

हेदवाबाईंनी वाकून वाळू सारली, एक दाणा उचलला आणि फट्‌कन फोडला. "हे रिकामं आहे. झेएवच्या खिशांतून कपडे धुताना नेहमी निघतात. तुम्हाला कुणी सांगितलं नाही?"

सॉलोमननं झेएवकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी नजर चुकवली. मग लहान मुलानं विचारावं तसं म्हणाला, "पण बाई, मी तर पाळलं. जमीन विकली नाही. एक फळ विकलं नाही. सगळं पाळलं. तुम्ही विचारलं होतं ना?"

"मी?" हेदवाबाई गोंधळल्या. मग त्यांना आठवलं आणि त्या चक्क लाजल्या. "अहो, मी घाबरले होते म्हणून विचारलं! आमच्या घरी कुणी काहीच पाळत नाही. मला वाटलं, तुम्ही फार धार्मिक असाल, माझ्या मुलाला नेऊन काळी टोपी घालाल आणि मला नातवंडांसमोर सिगारेट ओढू देणार नाही. म्हणूनच तर वर्षभर थांबले. सुटेल बिचारा, म्हटलं."

मी सॉलोमनकडे बघत होते. वर्षभराची परीक्षा, आणि पेपर तपासणारी बाई शाळेत कधी गेलीच नव्हती! त्याच्या मानेची शीर ताठ झाली, तोंड उघडलं. त्याच्या जिभेवर काय आलं होतं ते मला स्वच्छ दिसत होतं. चाळीस वर्षांत तेवढं कळतं. जो प्रश्न त्याला आयुष्यभर टोचला, तोच आता त्याला विचारायचा होता, तुम्ही नक्की यहुदी आहात का, म्हणून. विचारायचा पूर्ण हक्क होता. तिकवा दारात येऊन उभी राहिली होती.

सॉलोमननं तोंड मिटलं. सावकाश. हेदवाबाईंच्या तळहातावरचं ते रिकामं साल त्यानं उचललं आणि सदऱ्याच्या खिशात टाकलं. मला त्याचा इतका अभिमान वाटला की करपलेला हलवाही मी त्या क्षणी माफ केला असता.

"उन्हात काय उभ्या राहिलात," तो म्हणाला. "आत या, चहा घ्या. पाणी कालपासून गरम ठेवलंय."