उशीला बांधलेला ब्रेस

शाळेच्या नव्या फ्रॉकची कड डावीकडे दोन बोटं खाली लोंबत होती. एवढंच. आईने शिंप्याला फैलावर घेतलं. त्याने कड उसवली, पुन्हा शिवली. ती पुन्हा लोंबली. तिसऱ्या खेपेला त्याने मुलीच्या खांद्यांपासून खाली टेप सोडली, एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. मग टेप गळ्यात अडकवून हळूच म्हणाला, “ताई, कापड सरळ आहे हो. पोरीला एकदा डॉक्टरांना दाखवा.”

तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. पण आई ही गोष्ट दवाखान्याच्या बाकावर शेजारी बसेल तिला सांगते, आणि मी तिथे असतोच, तिच्या मुलीच्या अंगावर. मी ब्रेस. काखेपासून कमरेच्या हाडापर्यंत मिठी मारून बसलेला, कडक प्लास्टिकचा, पाठीवर तीन पट्टे असलेला.

डॉक्टर काय म्हणाले तेही आईच्याच तोंडून ऐकलंय. मुलीला ओणवं केलं तर पाठीची एक बाजू वर आली. एक्स-रेत कणा अठ्ठावीस अंश वाकलेला. “वाक याहून कमी असता, तर नुसतं बघत राहिलो असतो. पण हिची उंची अजून वाढायचीय. म्हणून ब्रेस, रोज अठरा तास, आणि सोबत व्यायाम. ब्रेसने कणा सरळ होईलच असं नाही. वाक वाढू नये, एवढ्यासाठी तो.”

“आणि वाढलाच तर?” वडिलांनी विचारलं.

“पंचेचाळीस-पन्नासच्या पुढे गेला, तर ऑपरेशनचं बोलू.”

त्यानंतरचं मुलीला काही ऐकूच आलं नाही म्हणे.

मला घडवलं ते ब्रेसवाल्या काकांनी. तिच्या अंगाचा प्लास्टरचा साचा घेतला, त्यावर भट्टीतून काढलेलं मऊ प्लास्टिक ओढलं, कडा घासल्या. पट्ट्यांवर पेनाने खूण केली: “इथवर ओढायचं.” माझ्या पोटात नखाएवढी चकती बसवली. “ही अंगाची ऊब मोजते, म्हणजे तू ब्रेस किती तास घातलास ते मला कळतं. तू मला थाप मारलीस तरी ही मारत नाही!” मग आतल्या बाजूला मार्करने स्वतःचा फोन नंबर लिहिला. “कुठे टोचलं तर सोसायचं नाही. टोचलं म्हणजे माझं चुकलं, तुझं नाही. थेट मला फोन.”

तिने मान हलवली. घरात तिला मिठू म्हणतात, कारण तोंडाला कुलूप नाही. त्या दिवशी मात्र गप्प. घरी आल्यावर वडील म्हणाले, “चला, आमच्या मिठूला पिंजरा आला!” आणि एकटेच हसले.

पिंजऱ्याला काय वाटतं, हे कुणी विचारत नाही. वर्गात मागच्या बाकावरची मैत्रीण माझ्यावर बोटांनी ठोकायची, “टकटक! आत कोण आहे?” मी दर वेळी दचकायचो. मिठू वळायची नाही. वळताच यायचं नाही. “कुणी नाहीये,” ती म्हणायची. खाली पडलेली पेन्सिल ती पायाने ओढून घ्यायची, आणि पट्ट्याचा चर्रर्र आवाज कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून बाथरूममध्ये नळ सोडायची. पण अठरा तास म्हणजे अठरा तास. पहिले पाच महिने तिने एकदाही चुकवले नाहीत.

सहाव्या महिन्यात पट्टा खुणेपर्यंत येईना.

तिच्या कमरेच्या हाडावर माझी कड रुतायला लागली. तसे लाल वळ रोजच उठायचे, अर्ध्या तासात जायचे. हा जाईना. मग तिथलं सालटं निघालं. मी काय करणार? मी प्लास्टिक, मला मागे सरता येत नाही. ती वाढत होती आणि मी होतो तेवढाच.

आईला सांग ना गं, मी मनात ओरडायचो. पण मिठूने मनाशी गणित मांडलं होतं. ब्रेस घट्ट झाला म्हणजे उंची वाढली, उंची वाढली म्हणजे वाक वाढला, वाक वाढला म्हणजे ऑपरेशन. सांगितलं तर कापतील. म्हणून ती कुणाला सांगेना.

आणि एका दुपारी तिने मला सोडवलं, गरम पाण्याची पिशवी उशीवर ठेवली, उशी माझ्यात कोंबली आणि तिन्ही पट्टे अगदी खुणेपर्यंत ओढले. वर गोधडी.

तीन आठवडे शाळेतून आली की हेच. गोधडीखाली अंधार, गुदमर, पोटाशी चटके. उशीला कणा नसतो हो! मी कुणाला सरळ ठेवत होतो? चकती मात्र बिचारी इमानाने ऊब मोजत होती. बाहेर मिठू भिंतीला पाठ लावून बसायची. आईचं पाऊल वाजलं की आम्ही दोघंही आक्रसायचो.

“घातलायस ना गं?” दाराबाहेरून आई.

“हो गं, किती वेळा विचारशील!”

“परवा एक्स-रे आहे, म्हणून म्हटलं.”

आज दुपारी ते ‘परवा’ ऐकलं आणि तिने मला झटक्यात उशीवरून काढलं, अंगावर चढवलं. श्वास रोखून पट्टा ओढला. खूण दोन बोटं दूर. पुन्हा ओढला. जखमेवर कड बसली तशी ती कळवळली, मला काढून मांडीवर उलटं टाकलं. आतला नंबर समोर आला.

तिने त्या आकड्यांवरून बोट फिरवलं. मग फोन लावला. रिंग पूर्ण वाजून बंद झाली. पुन्हा लावला. पुन्हा तेच. “काका, मी उशीला... काका, रागावू नका, पण...” ती वाक्य घोकत होती, आणि डोळे गरम पाण्याच्या पिशवीकडे.

मला ठाऊक आहे, फोन उचलला गेला की माझं काम संपलं. नवा साचा, नवा ब्रेस. मी अडगळीत. जाऊ दे. तुमच्या घरी माझ्यासारखा कुणी असेल, तर “घातलायस ना?” एवढंच विचारून थांबू नका. कधीतरी दाराच्या आत या, तिची कंबर बघा. मी बोलू शकत नाही, आणि ती बोलत नाही.

तिने तिसऱ्यांदा फोन लावला. एक रिंग, दुसरी, तिसरी. चौथी, पाचवी. मिठूचा हात पिशवीकडे जायला लागला. उचला हो काका, उचला.

खट्.

“हॅलो, कोण? हातात काम होतं, ऐकूच आलं नाही.” पलीकडे भट्टीचा घुर्रर्र आवाज. “काका, मी उशीला...” मिठूने सुरुवात केली. काकांनी भट्टी बंद केली.

“बोल बाळा. कुठे टोचतंय?”