उत्तराबाईंचं विरजण

ही गोष्ट २००६ सालची. सिएटलच्या उत्तरेला बॉथेल नावाचं गाव आहे, तिथे मी माझ्या मुलाकडे, संग्रामकडे राहत होते. आमच्या भिंतीला भिंत लागून केदारचं घर. केदार सॉफ्टवेअरमध्ये, त्याची बायको सुलेखा एका बायोटेक कंपनीच्या लॅबमध्ये, मुलगी नेत्रा आठ वर्षांची. आणि केदारची आई, उत्तराबाई.

उत्तराबाई वर्ध्याकडच्या. दोन वर्षांपूर्वी आल्या तेव्हा दह्यात भिजवून सावलीत वाळवलेला फडक्याचा एक तुकडा त्यांनी लुगड्याच्या घडीत ठेवून आणला होता. कस्टमवाल्याला तो सापडला असता तरी हातरुमाल समजून त्याने परत दिला असता. इथल्या कोमट दुधात त्यांनी तो बुडवला आणि सकाळी सुरीने कापावं असं कवडी दही लागलं. आमच्या मराठी घरांना तोवर दुकानातल्या लिबलिबीत, गोड दह्याची सवय झाली होती. बघता बघता उत्तराबाईंचं विरजण घरोघर गेलं. मी त्यांच्याकडून नेलं, माझ्याकडून मोना नावाच्या आमच्या एका ओळखीच्या मुलीने नेलं, तिच्याकडून आणखी कुणी.

त्यांच्या डाव्या कानात लहानपणापासून काहीतरी गुणगुणायचं. घास गिळताना ते वाढायचं, म्हणून प्रत्येक घासाला त्या डावा तळहात कानावर दाबून धरत. "डास पाळला हाय मी," असं म्हणून हसत. मला त्यांचं ते हसणं फार आवडायचं. दुपारी आम्ही दोघी मागच्या पायरीवर बसून ताक प्यायचो, समोर ओली देवदाराची झाडं.

फेब्रुवारीत त्या झोपेतच गेल्या. त्यांच्या घराची रीत अशी की बाई गेली की तिच्या हातचं विरजण वाहत्या पाण्यात सोडायचं आणि तेरावं झालं की शेजारून दुसरं आणायचं. सुलेखा पुण्याची, असल्या गोष्टी न मानणारी. पण सासूसाठी तिने केलं. दही नदीत सोडलं आणि तेराव्यानंतर मोनाकडून वाटीभर विरजण आणलं. मोनाकडचं कुठून आलं होतं, ते कुणी विचारलं नाही. आमच्यात दुसरं विरजणच नव्हतं.

एप्रिलमध्ये नेत्राला न्यूमोनिया झाला. औषधांनी छाती मोकळी झाली, पण पोट गेलं. खाल्लेलं काही टिकेना. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, औषधांनी पोटातले चांगले जंतूही मेले, प्रोबायोटिक द्या. सुलेखाने गोळ्या आणल्या, छोट्या छोट्या बाटल्यांतली पेयं आणली. पोरीच्या मनगटाची हाडं दिसायला लागली. शेवटी एका दुपारी तिने घरचं दही मागितलं. ते टिकलं. दुसऱ्या दिवशीही टिकलं. मे संपेपर्यंत पोर अंगणात सायकल चालवत होती.

त्याच सुमाराला सुलेखाची कंपनी बंद पडली. केदारचा मित्र श्रीराम कायम नव्या धंद्याच्या शोधात असायचा. त्याने नेत्राला पाहिलं आणि तो आमच्याच स्वयंपाकघरात ओट्यावर हात आपटून म्हणाला, "काकू, अमेरिकेला सध्या पोटाचं वेड लागलंय. टीव्ही बघा, बायका दही खाऊन नाचतायत."

"आम्हाला दही खाऊन झोप येते रे," मी म्हटलं.

"तीही विकू! झोप फ्री."

सुलेखा आणि श्रीरामने चर्चचं स्वयंपाकघर भाड्याने घेतलं, परवाने काढले, आणि जूनपासून शनिवारच्या बाजारात त्यांचा तंबू लागला. 'आजीचं जिवंत दही' असं काहीसं इंग्रजीत लिहिलेलं. सुलेखा प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायची, शेवटचा चमचा ठेवा, कोमट दुधात घाला, घरी लावा.

"असं सांगितलंस तर परत विकत कोण घेणार, यार?" श्रीराम वैतागायचा.

"दही असंच देतात," ती म्हणायची.

तरी लोक परत येत. मी मदतीला जायची. जुलैतला एक शनिवार मला अजून दिसतो. दुपारची वेळ, लख्ख ऊन. तंबूसमोरच्या बाकावर पांढऱ्या दाढीचा एक सायकलवाला दही खात होता. चमचा तोंडात गेला आणि त्याचा डावा हात उठून कानावर गेला. घास गिळला, हात खाली. पुढचा चमचा, पुन्हा हात वर. त्याच्या शेजारी एक गरोदर बाई बसली होती. तीही तसंच करत होती. दोघं एकमेकांना ओळखत नव्हते, एकमेकांकडे बघतही नव्हते. पलीकडे गवतावर तिसरी बाई.

मी श्रीरामला दाखवायला वळले, तर तो मोबाइलवर बोलता बोलता दही खात होता. घास गिळताना त्याने फोन उजव्या कानाला लावला आणि डावा कान तळहाताने झाकला.

तेवढ्यात सुलेखानेच मला बाजूला घेतलं. "काकू, तुम्हीही बघितलंत ना? नेत्रा महिनाभर करतेय. मला वाटलं, आजीची नक्कल."

"असेल नक्कल," मी म्हटलं.

"मग हे लोक कुणाची करतायत? मी लॅबमध्ये जंतू मोजायचे. त्यांना आठवण नसते." हे तिने दोनदा सांगितलं.

नेत्रा अमेरिकेत जन्मलेली. मराठीत काही विचारलं तरी इंग्रजीत उत्तर देणारी. ऑगस्टमध्ये रविवारी मी त्यांच्याकडे जेवायला होते. सुलेखाने ताटं वाढली. नेत्राने पहिला घास घेतला, चघळला आणि म्हणाली, "वरनात मीठ कमी हाय वं. जरासं टाक."

पळी सुलेखाच्या हातातच राहिली. "व्हॉट डिड यू से?"

पोरीने तिच्याकडे पाहिलंच नाही. ती केदारकडे बघत होती. केदारचे डोळे भरून आले होते. "काहून रडून राहिला रे?" ती म्हणाली. "जेव. दही घे."

आणि केदारने वाडगा पुढे केला. त्याच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. तो जत्रेत हरवून सापडलेल्या मुलासारखा दिसत होता. मला त्या क्षणी सर्वांत जास्त भीती त्याची वाटली.

त्यानंतर तो ऑफिसातून लवकर यायला लागला. आल्या आल्या नेत्राला दही द्यायचा आणि दार लावून तिच्याशी गप्पा मारायचा. सुलेखा दाराबाहेर उभी राहून ऐकायची. गावातल्या विहिरीबद्दल, मेलेल्या मामाबद्दल, केदारच्या जन्माच्या वेळच्या कळांबद्दल तिची आठ वर्षांची मुलगी बोलत होती. रोज थोडी जास्त. सायकल अंगणात पडून होती. मैत्रिणी आल्या तर नेत्रा त्यांना ओळखायची नाही.

"ती बरी झाली आहे, सुलेखा," केदार तिला माझ्यासमोर म्हणाला. "वजन वाढलंय. आणखी काय हवंय तुला?"

"नेत्रा हवी आहे."

"मग ही कोण आहे?"

"ते तू सांग. तू तिला काय हाक मारतोस? मी ऐकलं, केदार. परवा तू तिच्या मांडीवर डोकं ठेवून पडला होतास."

तो उठून गेला. दुसऱ्या दिवशी तो कामावर असताना सुलेखाने घरातलं सगळं दही, चर्चमधली सगळी पातेली, होतं नव्हतं ते गरम पाणी आणि ब्लीच टाकून धुऊन काढलं. दोन दिवस घरोघर फिरली, मोनाकडे गेली, सगळ्यांना टाकून द्यायला लावलं. माझ्याकडे यायच्या आधी तिला नेत्राला घेऊन हॉस्पिटलला जावं लागलं. दही थांबलं तशा पोरीला पुन्हा उलट्या सुरू झाल्या होत्या.

आणखी तीन दिवसांनी, दुपारी, केदार माझ्या मागच्या दाराशी आला. हातात स्टीलची वाटी. दाढी वाढलेली.

"काकू, चमचाभर विरजण द्या. तुमच्याकडे आहे ना?"

विरजण मागायला आलेल्याला आम्ही कधी नाही म्हणत नाही. मी फ्रीज उघडला, भांडं काढलं. चांगलं घट्ट दही, वर साय. उत्तराबाईंच्या हातची तीच चव. त्या भांड्याकडे बघून मला पायरीवरच्या दुपारी आठवल्या आणि खरं सांगते, ते त्याला द्यावं असं मलाही वाटलं.

"पोर कशी आहे?" मी विचारलं.

"उपाशी आहे, काकू. नळीने काय पोट भरतं? सारखी दही मागतेय. म्हातारं माणूस, किती सोसणार?"

"कोण म्हातारं, केदार?"

वाटी पुढे धरूनच तो म्हणाला, "आई."

मी नळ सोडला आणि भांडं सिंकमध्ये पालथं केलं. दही लवकर जाईना, बोटांनी ढकलावं लागलं. पाण्याचा आवाज थांबेपर्यंत केदार उभा होता, मग ओट्यावर वाटी ठेवून निघून गेला.

नेत्रा जवळजवळ पूर्ण सप्टेंबर हॉस्पिटलात होती. मग भाताची पेज टिकली, मग मऊ भात. एक दिवस तिने परिचारिकेकडे इंग्रजीत रंगीत पेन्सिली मागितल्या, तेव्हा सुलेखा बाथरूममध्ये जाऊन रडली.

श्रीरामने दह्याचा नाद सोडला. तो आता आंबवलेल्या चहाच्या बाटल्या विकतो आणि बरं चाललंय म्हणतो. त्या उन्हाळ्यात ज्यांनी दही नेलं आणि घरी लावलं, त्यांचं पुढे काय झालं, कुणालाच माहीत नाही. केदार मात्र त्या हिवाळ्यात त्यांना शोधत फिरत होता. एव्हरेटमधल्या एका बाईने त्याला वाटीभर दिलं, असं मोनाकडून कळलं. २००८ मध्ये घटस्फोट झाला. तो व्हर्जिनियात अ‍ॅशबर्नला एकटा राहतो. सणावारी मला फोन करतो. सुरुवातीला काकू म्हणायचा, आता नुसतं "कशी हायेस वं?" विचारतो आणि मी फोन ठेवत नाही. तासभर जुन्या गोष्टी निघतात, केदारला कधीच माहीत नसलेल्या. मी आता पुण्याला परत आले आहे, दही विकतचं खाते.

सुलेखा नेत्राला घेऊन अटलांटाजवळ अल्फारेटाला गेली. तिथे शाळेत विज्ञान शिकवते. नेत्रा कॉलेजात आहे, उंच झाली आहे, तब्येत ठणठणीत. गेल्या वर्षी दोघी पुण्याला आल्या तेव्हा माझ्याकडे जेवल्या. जेवणानंतर मी बॉथेलच्या फोटोंचा अल्बम काढला. नेत्रा बोट ठेवून सगळ्यांना ओळखत होती, मोना, श्रीराम, मी. आमच्या पायरीवरच्या फोटोवर ती थांबली. त्यात मी होते, सहा-सात वर्षांची नेत्रा होती, आणि ती जिच्या मांडीवर बसली होती ती बाई.

"हू इज शी?" तिने विचारलं.

सुलेखाने माझ्याकडे पाहिलं. "तुझी आजी," ती म्हणाली.

नेत्राने मान हलवली, जरा वेळ बघितलं आणि पान उलटलं.