अर्धी कुपी

कुपीची मान कापसात धरून सिस्टरने टचकन मोडली. अर्धं औषध सुईत ओढून सहा नंबरच्या आजींच्या दंडात टोचलं आणि उरलेलं अर्धं नव्या सिरिंजमध्ये भरून ट्रेवर ठेवलं.

"आज ओतलं नाहीस?" आजींनी विचारलं.

"थांबा जरा. आज माणसं यायची आहेत."

"कोण, यमाची?"

"नाही हो आजी, कायदा करणारी."

"मग तीच ती," म्हणून आजींनी डोळे मिटले.

शेजारच्या सात नंबरवर बसचे ड्रायव्हरकाका होते. कर्करोग हाडांत उतरलेला. अशा दुखण्यावर चालतं ते मॉर्फिन, आणि मॉर्फिन होतं अफूपासून, म्हणून ते सगळं कायद्याच्या कुलपात. त्यात आपलं सैन्य समुद्रापलीकडे कुणाच्या तरी लढाईत उतरलं. तेव्हापासून औषध आधी तिकडच्या छावण्यांना जायचं. काकांच्या नावाच्या कुप्या आल्याच नव्हत्या. आजींच्या नावाच्या थोड्या आधीच येऊन पडलेल्या होत्या. आजींची चण चिमणीएवढी, त्यांना अर्धी कुपी पुरे. उरलेली अर्धी दुसऱ्याला द्यायची नाही, उद्यासाठी ठेवायचीही नाही. दोघांच्या देखत बेसिनमध्ये ओतून टाकायची. चुकून कुणाला दिली तर नोकरी जायचीच, वर तुरुंग.

सिस्टर रोज ओतत होती. पलीकडे काका उशीचा कोपरा चावत होते. देवाने माणसाला वेदना दिली, तशी रानात अफूची बोंडंही दिली. मधली भिंत माणसाने घातली, आणि तिच्यावर रोज विटा रचायचं काम या बाईच्या वाट्याला आलं. तिला स्वतःच्या हातांची किळस वाटायला लागली होती. घरी नवऱ्याला पाणी देताना ती ग्लास अगदी तळाशी धरायची. "काय गं, पेल्याला काय झालंय?" तो विचारायचा. "काही नाही, ओला आहे," ती म्हणायची.

मोठ्या सिस्टर लगबगीने आत आल्या. "सात नंबरचा पडदा ओढून घे. पाहुण्यांसमोर कण्हणं बरं दिसत नाही."

"पडद्याने आवाज थांबतो का?"

"तोंड चालवू नकोस. आणि ते अजून ओतलं का नाहीस?"

"दोन साक्षीदार लागतात ना? येताहेत की," सिस्टर म्हणाली. मोठ्या सिस्टरांना ते नीटसं कळलं नाही, आणि कळून घ्यायला वेळही नव्हता. त्या फुलदाणी शोधायला गेल्या.

काकांच्या बायकोला मात्र सिस्टरने सगळं सांगितलं. "वहिनी, आज दोघे येताहेत. कडकसाहेब आणि सैलसाहेब." ही नावं वॉर्डानेच टीव्ही बघून ठेवलेली. "सैलसाहेब रोज सांगतो ना, हा कायदा माणुसकीचा नाही म्हणून? त्याच्या तोंडावर विचारते. तो हो म्हणाला, की तिथल्या तिथे काकांना देते. कायदा करणाऱ्यांच्या देखत दिलं, तर मला कोण धरणार?"

"म्हणेल तो हो?"

"रोज म्हणतो की."

वहिनींनी काकांच्या कानाशी वाकून सांगितलं. काकांनी मान हलवली. बोलायला गेले असते तर ओरडच निघाली असती.

पाहुणे आले ते नाकाला रुमाल लावूनच. मागून कॅमेरावाला. त्याने खोली न्याहाळली आणि सात नंबरचा पडदा सरकवला. "इथे चांगलं येईल," तो म्हणाला. झालं, काकांच्या उशाला एक आणि पायथ्याला एक असे दोघे उभे राहिले.

"विष जिथे पिकतं तिथेच जाळलं पाहिजे," कडकसाहेबांनी सुरुवात केली. "म्हणूनच सैन्य पाठवलंय! आणि इकडे हा कायदा बोटभर जरी सैल केला, तर उद्या शाळेच्या फाटकावर पुड्या विकायला बसतील."

"दुसऱ्याच्या घरात बंदुका घेऊन शिरायचं, आणि आपल्या घरात हा माणूस तळमळतोय!" सैलसाहेबांनी काकांच्या पायावर हात ठेवला. काका कळवळले. "बघा! बघा हे! कायदा बदला आणि सैन्य परत बोलवा!"

"पाय सोडा त्यांचा," वहिनी म्हणाल्या. कुणी ऐकलं नाही.

दोघांचीही वाक्यं घोटून गुळगुळीत झालेली. एकाचं संपायच्या आत दुसऱ्याचं सुरू. मध्येच काकांच्या घशातून आवाज निघाला, तसे कडकसाहेब थांबले आणि कॅमेरावाल्याला म्हणाले, "हे माझ्या बोलण्यावर येत नाहीये ना?"

सिस्टर ट्रे घेऊन पुढे झाली. "साहेब, यात अर्धी कुपी उरली आहे. काकांना दिली तर रात्र निघेल. कायदा म्हणतो ओता. तुम्ही दोघे इथे आहात. तुमच्या देखत देऊ का?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. आल्यापासून पहिल्यांदाच.

"अहो ताई," सैलसाहेब मऊ आवाजात म्हणाले, "तत्त्वाने मी तुमच्याच बाजूचा. पण बदलेपर्यंत कायदा तो कायदाच ना?"

"या मुद्द्यावर आमचं एकमत आहे," कडकसाहेब म्हणाले, आणि दोघेही हसले.

"पण ओता ना!" सैलसाहेबांना एकदम सुचलं. "कॅमेऱ्यासमोर ओता. किती वाया जातंय ते लोकांना दिसू दे."

सिस्टरने मोठ्या सिस्टरांकडे पाहिलं. त्यांनी डोळ्यांनीच बेसिन दाखवलं. वॉर्डातलं सगळं जग तिच्या बोटांकडे बघत होतं. तिने बेसिनवर सिरिंजचा दांडा दाबला. पाण्यासारखी बारीक धार, तीही क्षणभर. पांढऱ्या भांड्यावरून घरंगळून जाळीत गेली.

"उजेड नव्हता," कॅमेरावाला म्हणाला. "परत एकदा."

"परत कुठून आणू?"

"पाणी भरा हो. दिसायला सारखंच."

तिने नळाचं पाणी भरून ओतलं. सैलसाहेबांनी शेजारी उभं राहून चेहरा दुःखी केला. तो पुरेसा पडला नव्हता म्हणून आणखी एकदा पाणी भरायला लावलं. मग सगळे फराळाला गेले. जाताना कडकसाहेबांनी सैलसाहेबांच्या पाठीवर थाप मारली. "शेवटचा चेहरा झकास जमला तुला." त्यांच्या अत्तराचा वास फिनेलमध्ये मिसळून मागे राहिला.

"दोघांची हजामत एकाच न्हाव्याकडे होते गं," सहा नंबरवरून आजी डोळे मिटूनच म्हणाल्या. "आणि माझी उद्याची सुई त्याला टोच."

"तसं चालत नाही, आजी."

"मग काय चालतं तुमच्याकडे?"

सिस्टर हात धूत राहिली. वहिनी मागे येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी दाराकडे पाहिलं, कुणी नाही याची खात्री केली, आणि अगदी हळू, जवळजवळ हसत विचारलं, "पहिलं पण पाणीच होतं ना?"

सिस्टर वळली. वहिनींचे डोळे चमकत होते. "मी कुणाला सांगणार नाही, शपथ. आधीच बदलून ठेवलंत ना तुम्ही? खरं खिशात आहे ना?"

नळ चालूच होता. सिस्टरने तो बंद केला.

"पहिलं खरं होतं, वहिनी."

"हो का," वहिनी म्हणाल्या. मग जाऊन त्यांनी काकांच्या पायाशी चुरगळलेली चादर सारखी केली, सैलसाहेबांचा हात पडला होता तिथली, दोनदा.

सिस्टरची ड्यूटी संपत आली होती. ती खाटेशी स्टूल ओढून बसली आणि आपला हात तिने काकांच्या हातात दिला. बसचं चाक फिरवून रुंद झालेला पंजा होता तो. कळ आली तशी त्यांची बोटं आवळली गेली, आणि लगेच, मोठ्या कष्टाने, एकेक करून सुटली. त्यांनी तिचा हात बाजूला सारला.

"मोडेल," ते दातांतून म्हणाले. "तुम्हाला कामाला लागतो तो."

आणि त्यांनी खाटेची लोखंडी कांब धरली.