डाव्या गालातले खिळे

खुर्च्यांना कापड चढवणाऱ्या कारागिराचं तोंड कधी रिकामं नसतं. मूठभर बारीक खिळे डाव्या गालात ठेवायचे, जिभेने एकेक ओठांवर आणायचा आणि ठोकायचा. दादाने धाकट्या बहिणीला हे शिकवलं तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. त्याच आठवड्यात, डुलक्या येऊ नयेत म्हणून, आपल्या खिशातली तंबाखू-सुपारीची पुडीही त्यानेच तिच्या हातावर ठेवली. आता तिला पंचेचाळिसावं लागलं होतं. दादाच्या कारखान्यात सगळे तिला आक्का म्हणत; तो तेवढा अजून चिमणेच म्हणायचा.

गालात पांढरा चट्टा उठला की या धंद्यात पाठ थोपटायचे. ‘खिळ्याचा डाग’ पडला, म्हणजे माणूस पक्का कारागीर झाला! असल्या शहाणपणाने किती जणांचं वाटोळं झालं, ते कुणी विचारलं नव्हतं. आक्काचा डाग दोन महिन्यांपूर्वी उठला होता. दुखत नव्हता, पण गरम चहाने चुरचुरायचा, आणि तिच्या मनात भीतीने घर केलं होतं.

मंगळवारी फाटकाशी तपासणीची गाडी येऊन थांबली. तोंड तपासणार, तेही फुकट. गाडीतून उतरलेल्या डॉक्टरीणबाईंना दादाने दारातूनच हात जोडले.

"आमच्याकडे सगळे धडधाकट आहेत, बाई. नाट्यगृहाच्या दोनशे खुर्च्या शुक्रवारी द्यायच्यात."

आक्काने खिळे वाटीत थुंकले आणि ती उठली.

"कुठे निघालीस?"

"तोंड दाखवायला."

"अगं, खिळ्याचा डाग तो! माझ्या तोंडात वीस वर्षं आहे. मला काय धाड भरलीय?"

"तुला नसेल भरली. मी येते जाऊन."

"चिमणे, जागेवर बस!"

पंचवीस वर्षं तिने दादाचा शब्द खाली पडू दिला नव्हता. आज ती गेली.

गाडीतल्या डॉक्टरीणबाईंनी गाल ताणून पाहिले, जीभ उचलून खाली पाहिलं, मान चाचपली.

"हा चट्टा कशाने?"

"आम्ही खिळे धरतो तोंडात. त्याचा डाग."

"कोणत्या बाजूला धरता?"

"डाव्या."

बाईंनी आरसा तिच्या हातात दिला. चट्टा उजव्या गालात होता. उजवीकडे ती पुडी दाबायची. इतकी वर्षं रोज डावीकडे खिळे नि उजवीकडे तंबाखू, आणि एकदाही तिच्या डोक्यात प्रकाश पडला नव्हता. तिला स्वतःची लाज वाटली, आणि त्याहून जास्त चीड आली.

"कॅन्सर आहे का?"

"नुसतं बघून सांगता येत नाही. उद्या दवाखान्यात चट्ट्याचा बारीक तुकडा काढून तपासू. पुडी मात्र आजपासून बंद. आता तीन बोटं एकावर एक धरून तोंडात घाला बघू." बोटं गेली. "छान. ज्यांची जात नाहीत, त्यांचं तोंड सुपारीने आवळत आलेलं असतं. तसं कुणी असेल तर आधी पाठवा."

आक्का चटकन उठली. दादा हल्ली घास चिमटीएवढा करून खायचा.

परतली तर तो कमरेवर हात ठेवून उभा. "झालं समाधान?"

"उद्या माझ्या गालाचा तुकडा काढणारेत. आता तू तीन बोटं अशी तोंडात घाल. सगळ्यांनीच घाला."

आठही कारागीर हसत हसत बोटं घालू लागले. सगळ्यांची गेली. दादाची दोन कशीबशी गेली, तिसरं दातांवर अडलं. त्याने जोर लावला, तसा ओठाचा कोपरा चिरून रक्त आलं. हशा थांबला.

"दाढ दुखतेय," तो म्हणाला.

"किती वर्षं दुखतेय रे? काम तू शिकवलंस, त्याचे उपकार आहेत. पुडीही तूच दिलीस, तो राग मी मरेपर्यंत विसरणार नाही. पण त्या पुडीने तुला मरू देणार नाही. चल!"

"आणि खुर्च्या?"

"गेल्या खड्ड्यात. तू येईपर्यंत मी एक खिळा ठोकणार नाही."

सगळ्यांत म्हाताऱ्या कारागिराने हातोडी खाली ठेवली. मग दुसऱ्याने. मग सगळ्यांनी.

दादाने सणसणीत शिवी द्यायला तोंड उघडलं. ते दोन बोटंच उघडलं, आणि हे त्याला आज पहिल्यांदा कळलं. तो मनगटाने रक्त पुसत राहिला.

"चिमणे," तो हळूच म्हणाला, "गाडी गेली तर नाही ना?"

तिने त्याचा दंड धरला आणि त्याला फाटकाकडे ओढत नेलं.